पळसदेव, वार्ताहर

तालुक्याच्या पानावर कोपऱ्यातल्या बातमीच्या सुरुवातीला 'पळसदेव, वार्ताहर' असं छापलेलं असतं. तो वार्ताहर मी. माझं नाव कुठे येत नाही, गावाचं येतं, आणि मला त्याचंच अप्रूप आहे. पुणे-सोलापूर महामार्ग आणि उजनीचा फुगवटा यांच्या मधे आमचं गाव. जुनं पळसदेव धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी फार खाली उतरलं की पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि ते बघायला पुण्याहून माणसं येतात. एका अंगाला भरधाव रस्ता, दुसऱ्या अंगाला खोल पाणी. त्यामुळे माझ्या वहीत यात्रा, निवडी, पीकपाणी यांच्या जोडीला अपघात कायमचे मुक्कामाला असतात.

गावच्या वार्ताहराचं मानधन नावापुरतं असतं. घर चालतं ते शेतीवर आणि जाहिरातींच्या कमिशनवर. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी, सगळं गोळा करायचं आणि त्यातून वेळ काढून बातमी लिहायची. तरी हे काम सोडवत नाही. कारण सकाळी चहाच्या टपरीवर पेपर उघडला जातो तेव्हा माणसं काय वाचतात, कशावर बोलतात, कशावरून पुढे सरकतात, हे मला समोर बसून बघायला मिळतं. शहरातल्या संपादकाला हे सुख नाही.

टपरीवरच्या बोलण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कुणातरी मोठ्या माणसाची गोष्ट निघते. एखादा नट, एखादा खेळाडू, एखादा पुढारी. कुणाचं लग्न झालं, कुणाला अटक झाली, कुणी पक्ष सोडला. मग कुणीतरी विचारतं, "उजनी किती टक्के?" त्यावर कालव्याचं आवर्तन, ऊस, कारखान्याचा दर. आणि शेवटी, पैसे देऊन उठता उठता, "काल त्या वळनावर कोन गेलं म्हनं?" जो गेला तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी ओळखीचा असतो. दोन क्षण सगळे गप्प होतात आणि आपापल्या कामाला लागतात.

अशा गेलेल्या माणसांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं लिहिल्या. त्यांचा साचा तयार असतो. अज्ञात वाहनाची धडक, दुचाकीस्वार जागीच ठार. चालकाचा ताबा सुटला, मोटार दुभाजकाला धडकली. कोण, कुठे, किती वाजता, एवढं आलं की बातमी पुरी होते. पण गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे रिफ्लेक्टर नव्हता, दुभाजक फोडून हॉटेलाकडे जायला वाट केली होती, दुचाकीवर तिघं होते आणि हेल्मेट कुणालाच नव्हतं, हे त्यात येत नाही. हे कशामुळे घडलं आणि कसं टळलं असतं, ही एक ओळ त्या बातमीत नसते. ती ओळ मोठ्या माणसाच्या बातमीत मात्र असते, हे मला २०२२ साली ठळकपणे दिसलं.

त्या वर्षी १४ ऑगस्टला पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नेते विनायक मेटे यांचं अपघाती निधन झालं. पाठोपाठ ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. त्या मोटारीत पुढे बसलेले दोघं वाचले, मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी वाचले नाहीत. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. दोनच दिवसांत केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी मागच्या सीटच्या पट्ट्याबद्दल दंडाची आणि मोटारीत इशारा देणाऱ्या घंटीची घोषणा केली. वास्तविक मागे बसणाऱ्यानं पट्टा लावावा हा नियम आधीपासून होता. मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १००० रुपये दंडही होता. पण देशाला तो आठवला तो एका उद्योगपतीच्या मृत्यूनंतर.

टपरीवर आठवडाभर तीच मोटार चालली. केवढ्याची होती, कोण चालवत होतं, एअरबॅग होत्या की नाही. मी तेव्हा आमच्या भागातल्या वडाप जीपवाल्यांशी बोलून मागच्या सीटवर बसणाऱ्यांबद्दल एक बातमी केली. मागचा माणूस बांधलेला नसेल तर धडकेच्या वेळी गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि स्वतःबरोबर पुढच्यालाही इजा करतो. एवढीच साधी गोष्ट सोप्या भाषेत लिहिली होती. एक जीपवाला पेपर घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "एवढ्या भारी गाडीत मानूस वाचला न्हाई, तर आमच्या जीपचं काय घिऊन बसलाय?" त्याच्या जीपला मागे पट्टेच नव्हते. पण नुसतं बोलून तो थांबला नाही. दाराच्या फळीला लटकून जाणारी पोरं त्यानं त्या दिवसापासून घ्यायची बंद केली. त्याची मिळकत कमी झाली असणार, पण त्याने ते केलं.

नामवंताच्या बातमीची ताकद मला तिथे कळली. महाराष्ट्राला ती आधीही दिसलेली आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच मार्गावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडसे यांचा लहान मुलगाही गेला. ३ जून २०१४ ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे मोटार अपघातात गेले. प्रत्येक वेळी राज्य हळहळलं, आणि प्रत्येक वेळी थोडे दिवस का होईना, घराघरात रस्त्याचा, वेगाचा, पट्ट्याचा विषय निघाला. ज्यांना आपण पडद्यावर किंवा व्यासपीठावर पाहिलेलं असतं त्यांचा मृत्यू आपल्याला घरातला वाटतो. माणसाचं मन असंच चालतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पडद्यावरच्या माणसासाठी वाटणाऱ्या त्या हळहळीतून शेजाऱ्याचा जीव वाचावा, एवढं आपण करू शकतो.

हे दर वेळी जमत नाही, कारण मोठी बातमी लहान बातमीची जागाही खाते. २०२३ च्या १ ऑगस्टला आमच्या इंदापूर तालुक्यातच म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचं काम चालू असताना काँक्रीट आणि मुरुमाचा ढीग कोसळला आणि चार मजूर गाडले गेले. विहीर शंभर फुटांहून खोल होती. पोकलेन आले, एनडीआरएफचे जवान आले, आणि माणसं बाहेर काढायला काही दिवस लागले. त्याच पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर कोसळून २० जण गेले होते. दुसऱ्या दिवशी नामवंत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांच्या निधनाची बातमी आली आणि पडदा त्या बातमीने भरून गेला. देसाईंचं काम मोठं होतं, लोकांचं दुःख खरं होतं. पण विहिरीच्या काठावर बसलेल्या बायाबापड्यांकडे वळलेले कॅमेरे कमी झाले. रिंग किती उंचीपर्यंत एका वेळी भरावी, मागचा भराव किती दिवसांनी टाकावा, खाली माणसं असताना वर यंत्र चालवावं का, हे प्रश्न त्या आठवड्यात विचारले गेले असते तर राज्यभरच्या विहीर खोदणाऱ्यांच्या कामी आले असते. दुष्काळी पट्ट्यात दर उन्हाळ्यात अशा खोल विहिरी होतात. म्हणून मी नंतर तालुक्यातल्या विहीर बांधणाऱ्या जुन्या कारागिरांना विचारून तो मजकूर लिहिला. डेस्कवरून विचारणा झाली, "आता यात नवीन काय?" नवीन काही नव्हतं. गरजेचं होतं. थोडा कापून का होईना, तो छापून आला.

मग आला २०२४ चा मे महिना. त्या महिन्याची आठवण आमच्या काठावरच्या कुणालाच पुसता येणार नाही. ७ मे रोजी बारामती लोकसभेचं मतदान झालं. सगळ्या देशाचे कॅमेरे आमच्या या मतदारसंघात येऊन गेले होते. १३ मे रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण गेले. १९ मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, आणि तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने सगळा देश संतापला. २० मे रोजी मुंबईत मतदान होतं. शाई लावलेली बोटं दाखवणाऱ्या नटनट्यांची छायाचित्रं पानभर आली. आणि २१ मेच्या संध्याकाळी उजनीत बोट उलटली.

ती बोट करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येत होती. धरण झाल्यापासून या दोन काठांमध्ये पाणी आहे. पलीकडे सोयरीक आहे, बाजार आहे, दवाखाना आहे. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून माणसं बोटीने जातात, मोटारसायकलीसुद्धा बोटीवर चढवतात. त्या संध्याकाळी वळवाचं वादळ सुटलं. सात जण बोटीत होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले आणि त्यांच्यामुळे घटना कळली. उरलेले सहा जण सापडेनात. त्यात लहान मुलंही होती. एनडीआरएफच्या तुकड्या पाण्यात उतरल्या, शेकडो माणसं काठावर उन्हात थांबून राहिली. तिसऱ्या दिवशी, २३ मेला, मृतदेह हाती लागू लागले. त्याच दिवशी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेल्या एसडीआरएफच्या पथकाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्याच दिवशी डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला.

आम्ही काठावर होतो तेव्हा मोबाइलवर दुसरी बातमी फिरत होती. अहमदाबादला आयपीएलचा सामना बघून शाहरुख खान यांना उष्माघाताचा त्रास झाला आणि त्यांना २२ मे रोजी रुग्णालयात दाखल करावं लागलं. काठावर थांबलेली माणसंसुद्धा त्यावर बोलत होती. मला त्यांचा राग आला नाही. मृतदेहाची वाट बघणं फार जड असतं, आणि माणसाला मधे कशावर तरी बोलावं लागतं. पण समोर त्याच उन्हात म्हातारी माणसं डोक्याला नुसता पंचा गुंडाळून तासन् तास उभी होती. मी तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितलं, नाव त्या नटाचं घ्या आणि सगळ्यांना सावलीत बसवा. "एवढा मोठा हिरो, सारी सोय असून त्याला ऊन लागलं, आबा, तुम्ही कुठं एवढं सोसताय?" असं म्हटल्यावर आबा उठून लिंबाखाली गेले. मग त्यावर बातमीही केली. उष्माघातात अंग तापतं, बोलणं भरकटतं, चक्कर येते. माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, १०८ ला फोन करा. ती बातमी गावोगावी वाचली गेली. उसाला पाणी धरणाऱ्यांनी आणि रस्त्याच्या कामावरच्या मजुरांनी ती मला वाचून दाखवली.

बोटीच्या बातमीत मात्र ती एक ओळ लिहायला मला कुणा नामवंताच्या नावाचा आधार नव्हता. मी काठावरच्या मच्छीमारांकडे गेलो. त्यांनी सांगितलं ते असं: उन्हाळ्यात दुपार ढळली की वाऱ्याचा भरवसा नाही. आभाळ एका बाजूला काळवंडलं की पलीकडच्या काठाचा मोह सोडावा. बोटीत माणूस आणि ओझं एका अंगाला भरू नये. आणि पट्टीचा पोहणारासुद्धा लाटांमध्ये अंगावरच्या कपड्यांसह फार वेळ टिकत नाही, म्हणून जॅकेट हवंच. यांपैकी एकही गोष्ट पुस्तकातली नव्हती. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ साली झाला, त्यात बोटीची नोंदणी आणि जीवरक्षक साधनांची तरतूद आहे. पण त्या काठावर मी जॅकेट घातलेला प्रवासी क्वचितच पाहिला होता. शिरसोडी ते कुगाव पूल मंजूर झालेला आहे. तो पुरा होईपर्यंत माणसं पाण्यावरूनच जाणार, आणि म्हणून जॅकेटची गोष्ट पुन्हा पुन्हा लिहावी लागणार. मी दर वैशाखात लिहितो. पाणी कमी झाल्यावर पळसनाथाचं मंदिर बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगतो: काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि खाली दलदल असते, सेल्फीसाठी शिखराकडे धावू नका, आणि बोटीत बसाल तर आधी जॅकेट मागा.

नामवंतांच्या ओढीची दुसरी बाजू गर्दीची आहे. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या संध्या चित्रपटगृहात 'पुष्पा २' च्या खेळाला नायक आला आणि चेंगराचेंगरीत एका बाईचा जीव गेला, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ४ जून २०२५ ला बंगळूरला क्रिकेट संघाच्या विजयाच्या आनंदात चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण गेले. आपल्याकडे २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविकांचा जीव गेला, तिथे तर कुणी नटही नव्हता. १५ जून २०२५ ला पुणे जिल्ह्यातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. गर्दीत जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की काळजी दुसरा कुणीतरी घेत असेल. आमच्या यात्रांमध्ये आणि वाढदिवसाच्या कार्यक्रमांत कलाकार आणले जातात, पोरं पत्र्याच्या छपरांवर आणि झाडांवर चढतात. अशा कार्यक्रमाची आगाऊ बातमी लिहिताना मी आता आयोजकांना तीनच गोष्टी विचारतो आणि उत्तरं छापतो: बाहेर पडायला वाटा किती, रुग्णवाहिका कुठे उभी राहणार, छतावर चढणाऱ्यांना कोण उतरवणार. छापून येणार म्हटलं की वाटा वाढतात.

आणि मोबाइल. २५ जुलै २०२२ ला आमच्या तालुक्यातल्या कडबनवाडीत बारामतीच्या प्रशिक्षण केंद्राचं छोटं विमान शेतात कोसळलं. ते चालवणारी प्रशिक्षणार्थी तरुणी बचावली, आणि गावकरी तिच्या मदतीला धावले. त्या शेतकऱ्यांचा मला अभिमान आहे. पण अपघातानंतर मोबाइलवर चित्रण करायला जी झुंबड उडते, ती महामार्गावर मी नेहमी बघतो. टँकर उलटला की पलीकडच्या लेनमधल्या गाड्याही थांबतात, माणसं दुभाजक ओलांडून धावतात, आणि दुसरा अपघात तिथेच होतो. जखमीला हात लावायला माणसं भितात, पोलिसांचं झेंगट मागे लागेल म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे: मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे मी प्रत्येक अपघाताच्या बातमीच्या शेवटी लिहितो. राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही.

वाचकांना माझी विनंती अशी आहे. नटांच्या, खेळाडूंच्या, पुढाऱ्यांच्या गोष्टी जरूर बोला. त्यांच्यावाचून टपरीवरचा चहा गोड लागणार नाही. पण एखादा नामवंत अपघातात गेला, आजारी पडला, गर्दीत सापडला, की बोलणं संपायच्या आत एक प्रश्न स्वतःला विचारा: यातलं आपल्या घराला काय लागू होतं? मागच्या सीटवर बसलेल्या आईला पट्टा लावा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका. उन्हात काम करणाऱ्याला दुपारी बसू द्या. जखमी माणूस दिसला तर मोबाइलचा कॅमेरा नको, १०८ लावा.

आणि माझ्यासारखी गावोगावची जी वार्ताहर मंडळी आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे. डेस्क कापेल, जागा नाही म्हणेल, तरी अपघाताच्या प्रत्येक बातमीत ती एक ओळ लिहा: हे कसं टळलं असतं. मेलेल्या माणसाला आपल्या बातमीचा उपयोग नाही. तो उपयोग दुसऱ्या दिवशी त्याच वळणावरून, त्याच पाण्यावरून जाणाऱ्या माणसाला आहे.